गॅरेजमधला बारीक भुसा पात्यापाशीच पकडा

लाकूड कापताना जाड भुसा खाली पडतो, झाडून निघतो. खरा त्रास 10 मायक्रॉनहून बारीक भुकटीचा. ती तासन्‌तास हवेत तरंगते आणि फुफ्फुसात जाते. एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) कापताना तर फारच.

माझा टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली गोल पात्याची करवत, खालून उघडा होता. तो 6 मिमी प्लायने बंद केला, आत उतार दिला आणि तळाशी पाइपाचं तोंड काढलं. पण दाते भुकटी वरही फेकतात, म्हणून पात्यावरच्या गार्डलाही (संरक्षक झाकणालाही) होज जोडला. मोठा फरक पडला तो यानेच.

मशीन आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या मध्ये सायक्लोन (हवा गोल फिरवून भुसा खाली पाडणारं नरसाळं), त्याखाली पेंटची 20 लिटरची बादली. सायक्लोन नसेल तर फिल्टर लगेच लिंपतो आणि ओढ मरते. होज तुंबला की बादली आत चेपते. आतून प्लायची रिंग बसवली की तग धरते. झाकणाला फोमची पट्टी हवीच, कारण तिथून हवा शिरली तर खाली बसलेला भुसा परत उचलला जातो. लाइनीला ठिबकच्या दुकानातला 63 मिमी पीव्हीसी पाइप चालतो. काटकोनी एल्बो टाळा, 45 अंशांचे दोन बेंड लावा.

मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात कूलर लागतोच. तो खिडकीबाहेर ठेवा, नाहीतर भुकटी त्याच्या गवतात बसते. झोत मशीनवर येऊ देऊ नका, समोरच्या भिंतीत एक्झॉस्ट फॅन लावा.

व्हॅक्यूमला हेपा फिल्टर (अतिबारीक कण अडवणारा) घाला. साध्या पिशवीतून बारीक भुकटी परत खोलीत येते. एन-95 मास्क तरीही लावायचाच. कापून झाल्यावर अंधार करून टॉर्च तिरपा धरा: झोतात कण दिसत आहेत तोवर फॅन आणि मास्क दोन्ही चालू ठेवा.