नदीकाठच्या सायकलप्रवासाची तयारी: आधी हँगर, मग बाकीचं

यादीत सगळ्यात वर ‘हँगर’ लिहा आणि मगच पुढे वाचा. मागचा डिरेलर, म्हणजे गियर बदलताना चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, फ्रेमला ज्या तुकड्याने जोडलेला असतो, तो हा. अंगठ्याएवढा अॅल्युमिनियमचा तुकडा, एक-दोन बारीक स्क्रूंवर बसवलेला. मागच्या वेळी माझ्याकडे तीन ट्यूब होत्या, पंप होता, पावसाळी कपड्यांचे दोन जोड होते. हँगर नव्हता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो तुटला आणि पुढचे 19 किलोमीटर मी सामानासकट सायकल ढकलत गेलो.

झालं असं, की रेल्वेच्या डब्यात सायकल उजव्या अंगावर पडून राहिली आणि तिच्यावर दुसऱ्या कुणाच्या तरी बॅगा आल्या. उतरल्यावर चेनची बारीक खरखर ऐकू येत होती, पण गियर पडत होते म्हणून निघालो. दुसऱ्या दिवशी पुलाकडे जाणारा छोटा चढ आला, सर्वांत मोठ्या दातेरी चक्रावर चेन चढवली आणि आत वाकलेल्या हँगरमुळे डिरेलर थेट स्पोकमध्ये गेला. कडकन आवाज आला, मागचं चाक जागीच अडलं. खाली पाहिलं तर डिरेलर चेनला लोंबकळत होता आणि हँगर मधोमध तुटला होता. तुटलेली कड ताज्या खडूसारखी पांढरी दिसत होती.

गाड्यांना बंदी असलेला मार्ग आपण शांततेसाठी निवडतो, मीही त्यासाठीच निवडला होता. पण तिथे हात दाखवून थांबवायलाही कुणी नसतं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतार, आणि पुढचा रस्ता फुटतो तो थेट पुलापाशी. मोठ्या रस्त्यावर जी गोष्ट तासाभरात निस्तरते, ती इथे दिवस खाते. म्हणून दुरुस्तीची तयारी इथे दुप्पट हवी, आणि ती हँगरपासून सुरू होते.

महिनाभर आधी तो मागवा. आदल्या आठवड्यात नको, महिनाभर आधीच. हँगरचे शेकडो आकार आहेत आणि वाटेतल्या दुकानात तुमच्या फ्रेमचा असेल ही आशा धरू नका. ट्यूब कुठेही मिळेल, चेन मिळेल, डिरेलरसुद्धा मिळेल, हा मिळणार नाही. सायकलचं मॉडेल आणि वर्ष पाहून मागवा, आल्यावर जुना काढून दोन्ही एकावर एक धरा, भोकं आणि कडा तंतोतंत जुळतात का बघा. फोटोवरून ‘तसाच दिसतो’ म्हणून घेतलेला बसत नाही. सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने 2019 मध्ये एक सार्वत्रिक हँगर आणला, बऱ्याच नव्या फ्रेमवर तो बसतो. तुमची फ्रेम त्यातली असेल तर काम सोपं. स्टीलच्या कित्येक जुन्या फ्रेमना हँगर वेगळा नसतोच, तो फ्रेमचाच भाग असतो आणि वाकला तर सरळ करता येतो. बाकी सगळ्यांनी सुटा हँगर घ्यायचा. हा तुकडा मऊ ठेवलेला असतो तो मुद्दाम: आघात झाला की आधी तो वाकावा, फ्रेम आणि डिरेलर वाचावेत. म्हणजे तो तुटणं हे त्याचं कामच आहे, आणि जो तुटण्यासाठीच बनवलाय त्याचा जादा तुकडा जवळ नसणं ही चूक आहे.

आणि तो घरीच एकदा बदलून बघा. डिरेलर बहुधा 5 मिलीमीटरच्या अॅलन कीने सुटतो, हँगरचे स्क्रू त्याहून बारीक असतात. ती बारीक की तुमच्या मल्टिटूलमध्ये आहे का हे घरी तपासा. बदलल्यावर मागे बसून डोळा चाकाच्या पातळीला आणा: डिरेलरच्या दोन्ही लहान चकत्या आणि वरचं दातेरी चक्र एका रेषेत दिसलं पाहिजे. मग आतला लिमिट स्क्रू बघा, कारण डिरेलरला स्पोकमध्ये जाण्यापासून तोच अडवतो. या सगळ्याला पहिल्यांदा तास लागेल, दुसऱ्यांदा वीस मिनिटं.

मार्ग निवडताना पृष्ठभाग आधी बघा. जर्मनीतलं पासाउ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना हा डॅन्यूब नदीकाठचा मार्ग बहुतेक डांबरी आहे आणि बऱ्याच टप्प्यांत दोन्ही काठांनी जाता येतं. अमेरिकेतला केटी ट्रेल जुन्या रेल्वेमार्गावरून मिसुरी नदीच्या बाजूने जातो, तो चुनखडीच्या बारीक चुरीचा आहे. जुना रेल्वेमार्ग असेल तर चढ सौम्यच असणार, कारण आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही. चुरीचा रस्ता असेल तर 35 ते 40 मिलीमीटरचे टायर लावा. ओली चुरी चेनमध्ये शिरते आणि ब्रेकचे पॅड खाते, म्हणून पावसाची शक्यता असेल तर पॅडचा जादा जोड ठेवा. पूर आला की काठचा रस्ता सगळ्यात आधी बंद होतो, तेव्हा वरच्या बाजूचा पर्यायी रस्ता नकाशावर आधीच खुणावून ठेवा. काठ बदलायला होडी लागत असेल तर तिची शेवटची फेरी आणि हंगाम दोन्ही तपासा. नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवा, कडेच्या डोंगरांमुळे खोऱ्यात नेटवर्क जातं.

वाऱ्याबद्दल बहुतेकांची समजूत चुकीची असते. प्रवाहाच्या दिशेने गेलं की सोपं, असं वाटतं. पण पासाउपासून व्हिएन्नापर्यंत 300 हून जास्त किलोमीटरमध्ये नदी उतरते जेमतेम दीडेकशे मीटर, म्हणजे किलोमीटरला अर्धा मीटर. पायांना तो उतार कळतही नाही, वारा मात्र कळतो. डोंगराळ खोऱ्यात स्वच्छ, उन्हाच्या दिवशी उतार तापतात, हवा वर सरकते आणि दुपारी वारा खोऱ्याच्या वरच्या अंगाला वाहू लागतो. म्हणजे प्रवाहाबरोबर जाणाऱ्याला तो समोरून लागतो. रात्री दिशा उलटते. म्हणून उजाडताच निघा आणि मोठा टप्पा दुपारच्या आत संपवा. अरुंद खोऱ्यात सूर्यही कड्याआड लवकर जातो. दिवा पुढे-मागे दोन्हीकडे हवा, जुन्या रेल्वेमार्गावर बोगदे असले तर दिवसासुद्धा.

सामान कमी. मागे दोन पॅनियर (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगा), जड वस्तू तळाशी. गाड्या अडवण्यासाठी रस्त्याच्या तोंडाशी खांब आणि फाटकं असतात, त्यातून पॅनियरसह जाता येईल एवढी रुंदी धरा. उजवा पॅनियर आणि डिरेलर यांच्यात अंतर आहे का हे मुद्दाम बघा, कारण फाटकाला पॅनियर घासला तर धक्का पुन्हा त्याच हँगरवर. निघण्याआधी पूर्ण सामान लादून तीस-चाळीस किलोमीटर चालवून या. पॅनियर टाचेला लागतात का, कॅरिअरचे स्क्रू ढिले होतात का, हे त्यातच कळतं. पायी चालणाऱ्यांसाठी घंटी हवी. पाणी, टोपी, प्रथमोपचार सांगायला नको.

हत्यारांच्या पिशवीत दोन ट्यूब (आपल्या व्हॉल्वच्याच, प्रेस्टा की श्रेडर ते बघून), पॅच, टायर लिव्हर, पंप, मल्टिटूल, चेन टूल, चेनच्या स्पीडला (मागच्या चक्रांच्या संख्येला) जुळणारी क्विक लिंक, म्हणजे चेन जोडायची सुटी कडी. आणि हँगर, त्याच्या स्क्रूंसकट, छोट्या पिशवीत बांधून फ्रेमला किंवा सीटखाली कायमचा. पॅनियरमध्ये नको, पॅनियर खोलीवर राहतो. चेन टूल का, तर हँगर नसला तरी चेन तोडून, आखूड करून, डिरेलर वगळून एकाच गियरवर कसंबसं जाता येतं. माझ्याकडे तेही नव्हतं.

रेल्वेने नेणार असाल तर सायकलची जागा आधी राखून ठेवा. चेन सर्वांत मोठ्या चक्रावर आणा, त्याने डिरेलर आत ओढला जातो. सायकल आडवी ठेवायचीच वेळ आली तर डाव्या अंगावर. पेटीतून पाठवत असाल तर डिरेलर हँगरवरून सोडवून, कापडात गुंडाळून फ्रेमला बांधा. आणि उतरल्यावर, फलाटावरच, मागे बसून डिरेलर आणि चक्राची ती रेष बघा. खरखर ऐकून निघू नका. सगळे गियर एकदा वर-खाली करून मगच हला.

वाटेत: टायर रोज सकाळी दाबून बघा. पावसानंतर चेन पुसा, तेल घाला. सायकल उजव्या बाजूला कधी टेकवू नका.

परतीचं तिकीट जातानाच काढा. परतीलाही रेल्वेत तीच काळजी. घरी आल्यावर सायकल धुवा, चेन किती झिजली ते मोजा. जादा हँगर वापरला गेला असेल तर त्याच दिवशी नवा मागवा, मॉडेल जुनं होत गेलं की मिळणं अवघड होतं.