काळ्या रेंज रोव्हरचं पेंट करेक्शन: किती काढायचं, कुठे थांबायचं

उन्हात उभ्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं दिसतं. आपल्याकडे त्याचं मोठं कारण म्हणजे रोज सकाळी सोसायटीत मारलं जाणारं फडकं. एक बादली, एक फडकं, दहा-पंधरा गाड्या. पहिल्या दोन-तीन गाड्यांची माती फडक्यात बसते आणि पुढच्या प्रत्येक गाडीवर घासली जाते. हे बारीक ओरखडे सगळ्यात वरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअरकोटमध्ये असतात. मशीनने पॉलिश करून हे ओरखडे घालवणं म्हणजे पेंट करेक्शन. त्यात ओरखडा भरला जात नाही. त्याच्या भोवतालचा क्लिअरकोट त्याच्या तळापर्यंत उतरवला जातो.

कंपनीतून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पेंट असतो आणि त्यातला क्लिअरकोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉन. उन्हापासून वाचवणारं रसायन वरच्या भागात जास्त असतं, त्यामुळे गाडीच्या संपूर्ण आयुष्यात ८-१० मायक्रॉनपेक्षा जास्त काढू नये. कंपाउंडचा, म्हणजे जास्त कापणाऱ्या जाडसर पॉलिशचा, एक पूर्ण टप्पा ३ ते ५ मायक्रॉन खातो, फिनिशिंग पॉलिश एखादा मायक्रॉन. म्हणजे जोरदार करेक्शन फार तर दोनदा होतं. पाच वर्षं जुनी गाडी हातात आली तर आधी कोणी रबिंग मारलंय का, हे शोधणं पहिलं काम.

त्यासाठी पेंट थिकनेस मीटर लागतो आणि रेंज रोव्हरच्या बाबतीत इथेच अनेकांची चूक होते. २०१२ च्या पिढीपासून या गाडीची बॉडी मुख्यतः ॲल्युमिनियमची आहे. फक्त लोखंडावर चालणारा स्वस्त मीटर तिथे रीडिंगच देत नाही. लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्हींवर चालणारा मीटर घ्या आणि सोबतच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर शून्य करून सुरुवात करा. बंपर प्लास्टिकचे असतात, तिथे हा मीटर काही सांगणार नाही. तिथे हात हलका ठेवायचा. प्रत्येक पॅनेलवर पाच ठिकाणी मोजा आणि आकडे मास्किंग टेपवर लिहून त्याच पॅनेलला चिकटवा. सगळीकडे ११५-१२५ येत असताना एका दारावर २२० आलं, तर ते दार पुन्हा रंगवलेलं आहे. ४०० च्या पुढे गेलं की खाली पुटी आहे. ९० च्या खाली आकडा दिसला तर तिथे कंपाउंड लावायचंच नाही, फक्त फिनिशिंग पॉलिश. मीटर एकूण जाडी सांगतो, क्लिअरकोट वेगळा मोजत नाही. म्हणून आकडा चांगला आला तरी सैल सुटू नका.

आता धुणं. या पायरीत घाई झाली तर पुढचे दोन दिवस स्वतःच पाडलेले ओरखडे काढण्यात जातात. आधी प्रेशर वॉशरने माती उडवा, मग स्नो फोम (शाम्पूचा दाट फेस) मारून चार-पाच मिनिटं थांबा. फोम वाळू देऊ नका. त्यानंतर दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची, एक मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) खंगाळायची, दोन्हींत तळाशी ग्रिट गार्ड, म्हणजे वाळू खाली अडवणारी जाळी. वरून खाली या. दाराचा खालचा भाग सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या मिटने. ही गाडी १.८ मीटरपेक्षा उंच आहे. छपरासाठी एअर सस्पेन्शन ॲक्सेस हाइटवर, म्हणजे चढ-उतारासाठी गाडी खाली बसवणाऱ्या सेटिंगवर आणा, गाडी सुमारे ५० मिलिमीटर खाली येते, आणि तरीही रुंद पायरीचा स्टूल घ्या. टायरवर उभं राहून छप्पर घासताना पट्ट्याचं बक्कल दाराला लागतं आणि नवा ओरखडा पडतो.

धुतल्यावर पंजाला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून हळू फिरवा. खरखर लागली तर पेंटमध्ये कण रुतलेले आहेत. रेल्वे रुळांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लोखंडाचे कण हमखास असतात. आयर्न रिमूव्हर फवारला की दोन-तीन मिनिटांत जांभळे ओघळ सुटतात. वास उग्र असतो, शेडची दारं उघडी ठेवून आणि ग्लव्ह्ज घालून काम करा. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग शाम्पूने जात नाहीत. त्यांना आम्लयुक्त वॉटर स्पॉट रिमूव्हर लागतो, तोही सावलीत, थंड पत्र्यावर आणि एका वेळी एका पॅनेलवर. मग क्ले, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा. ५० ग्रॅमचा तुकडा चपटा करून, भरपूर लुब्रिकंट मारून, दोन फुटांच्या चौकोनात सरळ रेषेत फिरवा. तुकडा जमिनीवर पडला की फेकून द्या, त्यात बसलेली वाळू धुऊन निघत नाही.

वाळवल्यावर रबर, प्लास्टिकच्या पट्ट्या, बॅजच्या कडा आणि पीपीएफ (पेंटवर चिकटवलेली पारदर्शक संरक्षक फिल्म) असेल तर त्याच्या कडा टेपने झाका. बॉनेटच्या घड्या आणि दाराच्या धारदार कडांवरही टेप लावा. कडेवर क्लिअरकोट मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब त्या एका रेषेवर येतो. क्लिअरकोट पार होण्याची प्रकरणं बहुतेक कडेवरच घडतात.

मशीन ड्युअल ॲक्शन वापरा, म्हणजे ज्याचा पॅड फिरतोही आणि डोलतोही. १५ मिलिमीटर थ्रो (पॅडच्या डोलण्याचा व्यास) आणि ५ इंची पॅड हा या गाडीवर सगळ्यात उपयोगी जोड. २१ मिलिमीटरचं मशीन बॉनेट आणि छपरावर वेळ वाचवतं, पण वळणावर त्याचा पॅड अडतो. रोटरी, म्हणजे नुसतं गोल फिरणारं मशीन, लवकर कापते हे खरं. पण काळ्या गाडीवर ती उन्हात दिसणारे होलोग्राम (फिरत्या रेघांचे ठसे) सोडते आणि नवशिक्याच्या हातात पत्रा भाजते. बॅकिंग प्लेटच्या (पॅड चिकटतो त्या चकतीच्या) कडेला मार्करने एक जाड रेघ मारून ठेवा. काम करताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. थांबली, म्हणजे तुम्ही दाब जास्त देताय किंवा पॅड तिरका धरलाय. अशा वेळी मशीन नुसतं थरथरतं, काम होत नाही.

आधी बॉनेटवर ५० सेंटिमीटरचा चौकोन टेपने आखा आणि तिथे चाचणी घ्या. सुरुवात सगळ्यात सौम्य जोडीने: फिनिशिंग पॉलिश आणि मऊ फोमचा पॅड. जाळं सत्तर-ऐंशी टक्के गेलं तर पूर्ण गाडी तशीच करा. नाहीच गेलं तर मध्यम पॉलिश, आणि शेवटी मायक्रोफायबर पॅड व कंपाउंड. उलट क्रमाने सुरुवात केली तर सौम्य पॉलिशने भागलं असतं का, हे कधीच कळत नाही.

नव्या पॅडवर आधी पॉलिशचा पातळ थर सगळीकडे चोळा, मग वाटाण्याएवढे चार थेंब. मशीनचा वेग १ वर ठेवून पसरवा, मग ४ ते ४.५ वर न्या. हाताचा वेग सेकंदाला अंदाजे एक इंच, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या अर्ध्यावर, एकदा आडवं, एकदा उभं, असे चार ते सहा पास. दाब मशीनच्या वजनापेक्षा थोडाच जास्त. शेवटचे दोन पास नुसत्या वजनावर. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने किंवा हवेने साफ करा, कारण त्यात अडकलेला जुना क्लिअरकोटच नवे ओरखडे पाडतो. मोठ्या एसयूव्हीला प्रत्येक टप्प्यासाठी सहा ते आठ पॅड जवळ हवेत. इन्फ्रारेड थर्मामीटरने पत्रा ५० अंशांच्या आत ठेवा. पॉलिश धूळ होऊन उडत असेल तर शेड तापलंय: चौकोन लहान करा, उन्हाळ्यात सकाळी लवकर काम उरका. काळ्या पॅडवर पेंटचा काळा रंग दिसत नाही, म्हणून कटिंग पॅड फिकट रंगाचा घ्या. त्यावर पेंटचा रंग उतरताना दिसला की लगेच हात उचला. तिथला क्लिअरकोट संपला आहे.

खिडक्यांमधले चकचकीत काळे खांब सर्वात मऊ असतात. सुकं फडकंही त्यांच्यावर खुणा पाडतं. ३ इंची मऊ फोमचा पॅड, मशीन २-३ वर, दोन-तीन पास, आणि त्यानंतर पुसताना नवाकोरा मायक्रोफायबर. तिथे कंपाउंड अजिबात नको.

प्रत्येक पॅनेल झाल्यावर १५ ते २० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पाण्याने पुसून मगच तपासा. पॉलिशमधलं तेल ओरखडे तात्पुरते झाकतं. न पुसता गाडी दिली तर दोन धुण्यांत जाळं परत दिसतं आणि ग्राहकाला वाटतं फसवलं. तपासताना ट्यूबलाइट बंद करून एकच एलईडी टॉर्च तिरकी धरा. कंपाउंडनंतर धुरकट छटा राहिली असेल तर ती फिनिशिंग पॉलिशने जाते. नख अडकेल असा ओरखडा मात्र तसाच ठेवा. तो घालवायला जेवढा थर जाईल तेवढा तिथे नाही. त्याच्या कडा गोल झाल्या की तो लांबून दिसत नाही, तेवढं पुरे. हे ग्राहकाला काम सुरू करण्यापूर्वीच सांगा, टॉर्चखाली बोट ठेवून दाखवा.

शेवटी सिरॅमिक कोटिंग. त्याचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा असतो. त्याने पाणी घसरतं, माती सहज सुटते, पण घाणेरड्या फडक्याचे ओरखडे पडतातच. दोन फुटांच्या चौकोनात लावा, इंद्रधनुष्यासारखी छटा उठली की समतल पुसा. मुंबईच्या दमटपणात ही वेळ बदलते, म्हणून पहिल्या चौकोनावर घड्याळ लावून मोजा. उशीर झालेला काळपट ठिपका एका तासाच्या आत पुसला नाही तर तो पुन्हा पॉलिश करूनच काढावा लागतो. २४ तास पाणी नको, सात दिवस शाम्पू नको. गाडी देताना सोबत दोन स्वच्छ मिट द्या आणि सकाळचं फडकं बंद करायला स्पष्ट सांगा. धूळ बसली तरी चालेल, आठवड्यातून एकदा दोन बादल्यांनी धुवा.