टेकन ८ वर भांडायचंय? आधी रिप्ले उघडा

टेकन ८ हा मारामारीचा व्हिडिओ गेम भारी का भंगार, हा वाद आमच्या ग्रुपमध्ये गेम आला तेव्हापासून म्हणजे २६ जानेवारी २०२४ पासून चालू आहे आणि दर वेळी शेवट एकच, कोणीतरी "तू आधी माझ्याशी खेळून दाखव" म्हणतो आणि दुसरा रिमोट शोधायला लागतो. (हो, रिमोटच. कंट्रोलर म्हणणारे नंतर आले.) एवढी भांडणं करून आता थोडंफार कळायला लागलंय की ह्या गेमवर नीट वाद कसा घालायचा, तर लिहून टाकतो.

सगळ्यात आधी हे ठरवा की तुम्ही गेमबद्दल बोलताय का काल रात्री हरलात त्याबद्दल. दोन्ही चालतं, पण एकत्र नको. परवा एक मित्र तणतणत आला, ब्रायन (गेममधलं एक कॅरेक्टर) ब्रोकन आहे, म्हणजे अति ताकदवान आहे, खालून झाडू मारल्यासारखी लाथ मारतो आणि माझी वाट लागते. ती लाथ म्हणजे स्नेक एज. मी म्हटलं रिप्ले, म्हणजे झालेल्या मॅचचं रेकॉर्डिंग, उघड. टेकन ८ मधली ही सोय मला फार आवडते, रिप्ले बघता बघता मधेच थांबवून तिथूनच आपण स्वतः खेळायला घेऊ शकतो, तर आम्ही तोच क्षण परत परत खेळलो. गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी चालतो, साधा जॅब (झटपट ठोसा) बऱ्याच कॅरेक्टर्सचा १० फ्रेमचा, आणि ही लाथ यायला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो, म्हणजे ब्रायन आधी वाकणार, मग पाय फिरवणार, तोवर चहाचा एक घोट होतो. खाली बसून ब्लॉक केली की तो इतका वेळ अडकून पडतो की त्याला हवेत उडवून अख्खा कॉम्बो, म्हणजे एकामागून एक वारांची मालिका, घेता येतो. मित्राने पाच वेळा खाल्ली, सहाव्या वेळी ब्लॉक केली, सातव्या वेळी उत्साहात परत खाल्ली, आठव्या वेळी ब्रायनला उडवला. मग "ब्रोकन" हा शब्द गेला आणि "त्रासदायक" आला. इथून पुढे वादात मजा येते.

पण म्हणून प्रत्येक तक्रारीला "स्किल इश्यू", म्हणजे तुलाच खेळता येत नाही, म्हणून उडवून लावायचं नाही. असं म्हणणारे पण वाद घालत नसतात, ते फक्त आपली रँक दाखवत असतात. काही तक्रारी रिप्ले बघूनही तशाच उभ्या राहतात आणि त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे हीट.

हीट नीट कळल्याशिवाय ह्या गेमवर बोलूच नये असं माझं मत. प्रत्येक राउंडला एकदा तुम्ही हीटमध्ये, म्हणजे जास्त आक्रमक अवस्थेत, जाऊ शकता, साधारण दहा सेकंद ती टिकते, त्या वेळात काही मूव्ह्ज बदलतात, ब्लॉक केलं तरी समोरच्याचं थोडं थोडं रक्त (हेल्थ) जातं, आणि ते गेलेलं रक्त परत मिळवायचं तर उलट हल्ला करावा लागतो, नुसतं मागे सरकून चालत नाही. आता ह्याच एका गोष्टीकडे दोन बाजूंनी बघा. नवीन माणसाला मजा येते, कारण कुणी कोपऱ्यात जाऊन टाइम संपायची वाट बघत बसत नाही, स्क्रीनवर सतत काहीतरी घडतं, बघणाऱ्यालाही कळतं की आता काहीतरी होणार. आणि जो माणूस दहा वर्षं मागे सरकायचं, बाजूला व्हायचं, समोरच्याचा वार हुकवायचा आणि मग मारायचं हे शिकला त्याला वाटतं की माझी सगळी मेहनत पाण्यात, कारण तो बरोबर बचाव करूनही शेवटी त्याला अंदाजच लावायला लागतो, वरून येणार का खालून, आणि चुकला तर अर्धं रक्त साफ. दोघंही खरं बोलतायत. म्हणून "हीट चांगली का वाईट" असं विचारू नका, "बरोबर बचाव केल्यावर मला काय मिळालं" हे विचारा. ह्या प्रश्नाचं उत्तर टेकन ८ मध्ये बऱ्याचदा "फारसं काही नाही" असं येतं आणि माझ्या मते हाच ह्या गेमचा खरा दोष आहे.

दुसरं, कुठल्या पॅचबद्दल, म्हणजे गेमच्या कुठल्या अपडेटबद्दल, बोलताय ते सांगा नाहीतर दोन माणसं दोन वेगळ्या गेमवर भांडत बसतात. एप्रिल २०२५ मध्ये सीझन २ चा पॅच आला. आधी बोलणं असं होतं की बचावाची बाजू मजबूत करणार, आणि हातात आलं ते नेमकं उलटं, बऱ्याच कॅरेक्टर्सना अजून जोरदार हल्ले मिळाले आणि ज्यांच्या कमजोऱ्या होत्या त्या बुजवल्या. स्टीम ह्या गेमच्या ऑनलाइन दुकानावर वाईट रिव्ह्यूंचा ढीग पडला, मोठमोठे प्रो खेळाडू उघडपणे बोलले, मग घाईघाईने दुरुस्तीचे पॅच काढायला लागले. तर कोणी म्हणत असेल "मी २०२४ मध्ये खेळलो, मस्त होता", तर तो खोटं बोलत नाहीये, त्याचा गेमच वेगळा होता.

पैशाचा मुद्दा वेगळा काढा. तो खरा आहे, पण लढाईच्या मुद्द्यात मिसळला की सगळी खिचडी. टेकन शॉप, म्हणजे गेममधलंच दुकान, गेम विकून झाल्यावर महिन्याभराने आलं, म्हणजे पहिल्या दिवसाच्या रिव्ह्यूमध्ये त्याचा पत्ताच नाही. नंतर हेइहाची ह्या कॅरेक्टरबरोबर आलेल्या गेनमाजी टेम्पल ह्या स्टेजचे (लढायच्या जागेचे) वेगळे पैसे मागितले तेव्हा महागडी एडिशन घेतलेले लोक पण भडकले, आणि बरोबरच होतं. ह्याला बॅलन्सशी, म्हणजे कॅरेक्टर्सच्या ताकदीच्या समतोलाशी, काही देणंघेणं नाही, हा सरळ गिऱ्हाइकाचा राग आहे, तसाच मांडा.

मग येतात "टेकन ३ सारखं काही नाही" वाले. माझ्याच वयाचे असतात, त्यामुळे जपून बोलतो. टेकन ३ आर्केडला १९९७ ला आला, प्लेस्टेशनवर १९९८ ला, आणि आपल्याकडे पार्लरमध्ये तासावर पैसे देऊन खेळलेल्या पोरांसाठी तोच टेकन. पण त्यांना फक्त एक आठवण करून द्या, आमच्या पार्लरमध्ये नियम होता, "एडी नाय घ्यायचा". का? कारण एडी गॉर्डो घेऊन नुसती लाथेची बटणं बडवली तरी समोरचा आडवा. म्हणजे बॅलन्सची बोंब तेव्हाही होती, फक्त पॅच येत नव्हता म्हणून पार्लरवाल्या दादानेच बॅन टाकला होता. आणि गंमत बघा, टेकन ८ मध्ये एडी एप्रिल २०२४ ला डीएलसी, म्हणजे वेगळं विकत घ्यायचं कॅरेक्टर म्हणून आला, ज्याच्यावर बंदी होती त्याच्यासाठी आता पैसे मोजा!

कोणी म्हणालं की हा नुसता जुगार झालाय, स्किल राहिलंच नाही, तर अर्सलान ॲशचं नाव घ्या. लाहोरचा हा गडी टेकन ७ मध्ये २०१९ ला एव्हो जपान आणि लास व्हेगासचं एव्हो ह्या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धा दोन्ही जिंकला होता, आणि टेकन ८ मध्ये २०२४ चं एव्होसुद्धा त्यानेच मारलं. जुगारात तोच माणूस पुन्हा पुन्हा जिंकत नाही. मात्र समोरचा हुशार असेल तर म्हणेल की ह्याने स्किल सिद्ध झालं, मजा नाही, आणि इथे त्याला मार्क द्यायला लागतात. वादात एखादा मुद्दा सोडून दिला की समोरचा पण पुढचा सोडतो, हे मला फार उशिरा कळलं.

गेमची बाजू घ्यायची असेल तर ग्राफिक्सवर वेळ घालवू नका, ते कोणीही मान्य करतं. शिकवण्याच्या सोयींवर बोला. रिप्लेचं सांगितलंच, त्यात कुठे पनिश करायला, म्हणजे समोरच्याच्या चुकीवर उलट मारायला, हवं होतं ते गेम स्वतः दाखवतो. घोस्ट बॅटल आहे, तुमचीच खेळायची पद्धत शिकून गेम तुमची नक्कल तयार करतो, मी माझ्याच घोस्टशी खेळलो आणि कळलं की उठताना मी दर वेळी तीच लाथ मारतो, लाजच वाटली. रोलबॅक नेटकोड आहे, म्हणजे ऑनलाइन खेळताना अडखळणं कमी करणारी सोय. आणि स्पेशल स्टाइल आहे ज्यात एका बटणावर कॉम्बो निघतो, जुने खेळाडू नाक मुरडतात पण माझ्या बहिणीने पहिल्याच संध्याकाळी त्यावर मला एक राउंड मारला.

आणि कोणी शेवटी विचारलंच की घेऊ का नको, तर तिथे वाद घालू नका, त्याला फुकटचा डेमो टाकायला सांगा. आवडला तर सेलमध्ये नुसता बेस गेम घ्यायचा, त्यातच ३२ कॅरेक्टर्स आहेत, सीझन पास (नंतर आलेल्या कॅरेक्टर्सचं पॅकेज) नंतर बघू. एक कॅरेक्टर पकडून महिनाभर तोच खेळायचा. ब्रायन घेतलास तर मात्र आमच्यातल्या एका मित्राशी खेळू नकोस, तो आता स्नेक एज ब्लॉक करतो आणि दर वेळी ओरडून सांगतो.