छोट्या घरातलं न्हाणीघर: आधी पिंप आणि ढाळ, मग टाईल्सचा रंग

सोलापुरात नवं घर बांधणारी मंडळी माझ्याकडे मोबाईलमधले फोटो घेऊन येतात. काचेचं पार्टिशन, भिंतीला टांगलेलं बेसिन, छतातून कोसळणारा शॉवर. त्या फोटोंत पिंप कुठेच नसतो. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, गच्चीवर टाकी असली तरी घरात साठा लागतोच. म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला: पिंप कुठे ठेवणार? २०० लिटरच्या पिंपाला सुमारे दोन फुटांची जागा लागते आणि भरल्यावर त्याचं वजन २०० किलोच्या वर जातं. मग तो हलत नाही. दोन महिन्यांनी अर्धं दार अडवून बसलेला पिंप मी इतक्या घरांत पाहिलाय, की आता नकाशावर तोच आधी काढते.

संडास-न्हाणी एकत्र असेल तर नॅशनल बिल्डिंग कोड, म्हणजे बांधकामाची राष्ट्रीय नियमावली, किमान २.८ चौरस मीटर सांगतो, म्हणजे साधारण ३० चौरस फूट. मी ४ × ८ फूट धरते, तेही टाईल्स लागल्यानंतरचं माप. विटेपासून विटेपर्यंत ४ फूट मोजलंत तर गिलावा आणि टाईल्स मिळून अडीच-तीन इंच खातात, आणि कमोडवर बसलं की गुडघे भिंतीला टेकतात. बांधकामात ४ फूट ३ इंच सोडा.

दार अरुंद बाजूला. दारापासून पहिले २ फूट बेसिनला, पुढचे अडीच फूट कमोडला, टोकाचे साडेतीन फूट आंघोळीला. टोकाची भिंत बाहेरची हवी, खिडकी तिथेच. हा क्रम उलटा करू नका. दारातच आंघोळ ठेवली तर प्रत्येकाला ओल्या फरशीवरून चालत आत जावं लागतं. पिंप टोकाच्या एका कोपऱ्यात, नहाणी ट्रॅप (सांडपाण्याच्या जाळीखालचं, वास अडवायला पाणी धरून ठेवणारं भांडं) त्याच भिंतीच्या दुसऱ्या कोपऱ्यात. पिंपाखाली चार इंचांचा सपाट कट्टा बांधा. ढाळावर पिंप कलतो आणि खाली शेवाळ धरतो.

हे सगळं जागेवर खडूने खऱ्या मापात आखा आणि मधे पाट ठेवून बसून बघा. कमोड आधी विकत घ्या, मग प्लंबरला बोलवा.

आता ढाळ. बाकी सगळं चुकलं तर सुधारता येतं. हे चुकलं तर फरशी फोडावी लागते.

गवंडी म्हणतो, “ताई, ढाळ काय, फरशी बसवताना काढू की.” सुरुवातीच्या कामांत मी हे ऐकलं. जुळे सोलापुरातल्या एका घरात वरून ढाळ झकास होता, बादली ओतली की पाणी सरळ जाळीत. दुसऱ्या वर्षी शेजारच्या खोलीच्या भिंतीला पोपडे आले. फरशी उखडली तेव्हा खालचा वॉटरप्रूफिंगचा कोबा, म्हणजे टाईल्सखालचा सिमेंटचा थर, तळहातासारखा सपाट, आणि त्यावर पाणी साचलेलं. टाईल्सच्या सांध्यांतून थोडं पाणी झिरपतंच, कितीही चांगलं ग्राऊट भरा. ते खाली कोब्यावर उतरतं. कोब्याला ढाळ नसेल तर तिथेच थांबतं आणि हळूहळू भिंतीत चढतं. त्या घरच्या आजी पलंग ओढून खोलीच्या मधोमध झोपत होत्या. ती चूक माझी होती, कारण मी उभी असताना कोबा झाला होता.

तेव्हापासून ढाळ दोनदा: आधी कोब्याला, मग तोच वर टाईल्सना. कोबा टाकण्याआधी लेव्हलच्या (पाणी भरलेल्या पारदर्शक) नळीने भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा करून घ्या. दारापासून आंघोळीच्या जागेपर्यंत साडेचार फुटांत अर्धा इंच, तिथून टोकापर्यंत साडेतीन फुटांत एक इंच. त्याहून जास्त दिलात तर पाट डुलतो आणि म्हाताऱ्या माणसांचा पाय घसरतो. ट्रॅपची कड कोब्याच्या किंचित खाली बसली पाहिजे, म्हणजे झिरपलेलं पाणीही ट्रॅपमध्येच जाईल. बहुतेक ठिकाणी ती वर राहते, आणि त्याकडे कुणी वाकून बघत नाही. तुम्ही वाका.

२ × २ फुटांच्या टाईल्स खाली नकोत. कोपऱ्यातल्या ट्रॅपकडे दोन बाजूंनी ढाळ येतो, मोठी टाईल वळत नाही आणि कडा वर राहतात. १ × १ फुटाची खरबरीत टाईल घ्या. काळी चकचकीत तर मुळीच नको, बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग तिच्यावर आठवड्यात दिसतात.

टाईल्सआधी पाणी भरून ४८ तास ठेवा. ट्रॅप बुजवा, दारात विटांचा आडवा बांध घाला. सरासरी दोन इंच पाण्याला सुमारे १५० लिटर लागतात, म्हणून लोक टाळाटाळ करतात. टाळू नका, तेच पाणी नंतर दुसऱ्या भिंतींवर मारा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर असतो, पातळी उन्हानेही उतरते. त्यासाठी शेजारी एक भरलेली बादली ठेवा आणि दोन्हीकडे खूण करा. दोन्ही सारखं उतरलं तर वाफ झाली. फरशीवरचं जास्त उतरलं तर गळती आहे, कोबा तपासा.

तळमजला काळ्या मातीवर असेल तर ती माती काढून मुरूम भरून, पाणी मारून ठोकून घ्या. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि नीट दिलेला ढाळ उलटा होतो.

दार बाहेर उघडणारं. बेसिन ३२ इंचांवर. पाईप पश्चिमेच्या भिंतीवरून उघडे नेऊ नका, उन्हाळ्यात दुपारी चटके बसणारं पाणी येतं. टॉवेलची दांडी खिडकीजवळ, आपला सोलापुरी टेरी टॉवेल जाड असतो, वारा नसला की वाळत नाही. घर बंद ठेवून गावी जाऊन आलात आणि वास आला, तर ट्रॅपमधलं पाणी आटलंय. तांब्याभर पाणी ओता.

गवंड्याचा शेवटचा हप्ता देण्याआधी दाराच्या आत उभं राहून एक बादली सावकाश ओता. दहा मिनिटांनी परत या. कुठे डबकं राहिलं असेल तिथे खडूने गोल करा आणि त्याला दाखवा.