वाचाघाताच्या रुग्णाचं बोलणं तपासताना या चुका टाळा

लकव्यानंतर वाचाघात झालेल्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा बिघडलेल्या माणसांच्या बोलण्याचे लिहून घेतलेले उतारे घेऊन तपासायला शिकणारी नवीन मुलं माझ्याकडे येतात. पानभर लाल खुणा असतात आणि वर लिहिलेलं असतं, 'व्याकरण बिघडलं आहे'. मी पहिला प्रश्न एकच विचारते: झटका येण्याआधी हा माणूस कसा बोलायचा? बहुतेकांनी ते विचारलेलंच नसतं.

अक्कलकोटकडचे एक काका होते. यंत्रमागावर उभी हयात गेलेली, घरात मराठी, गल्लीत कन्नड. तपासणाऱ्या मुलीने त्यांच्या 'मी काम केलो', 'मी भाकरी खाल्लो' या प्रत्येक वाक्यावर खूण केली होती. पुस्तकाप्रमाणे तिचं बरोबर होतं: भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालायला हवं, 'भाकरी खाल्ली'. तिने दोन आठवडे काकांकडून 'मी काम केलं' घोटून घेतलं. काका बोलायचेच कमी झाले. मग मी त्यांच्या घरी गेले. काकू दारातच म्हणाल्या, "आत्ताच मी चहा दिले की त्यांना." मुलगा आतून ओरडला, "मी फोन केलो होतो डॉक्टरला!" अख्खं घर तसंच बोलत होतं. कन्नड आणि तेलुगूत क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालतं, आणि त्यांच्या शेजारात सोलापूरची मराठीही अनेक घरांत तशीच चालते. या खुणा पुसल्यावर काकांचा खरा आजार दिसला: 'मुलगा... पैसे... डॉक्टर...' क्रियापद जागेवर येत नव्हतं, आणि 'डॉक्टरला'मधला 'ला' गळत होता. दोन आठवडे त्यावर काम व्हायला हवं होतं. त्या मुलीचा मला राग आला नाही, घाईचा आला. रुग्णाच्या घरी दहा मिनिटं बसायला कुणाला वेळ नसतो.

तेव्हापासून माझी सवय अशी: रुग्णाला जो प्रश्न, तोच त्याच्या वयाच्या भावाला किंवा बायकोला विचारायचा, दोन्ही रेकॉर्ड करायचं आणि दोन्ही उतारे शेजारी ठेवूनच खुणा करायच्या. घरात तेलुगू असेल तर तेलुगूतही बोलतं करायचं. निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नसणाऱ्या भाषेत वाढलेल्या माणसाचं 'माझा चादर' हे वाचाघाताचं लक्षण ठरवू नका.

दुसरी चूक याहून गुपचूप घडते. उतरवून घेताना हात आपोआप दुरुस्ती करतो. रुग्ण म्हणतो 'पा... पाती... पाणी', कागदावर येतं 'पाणी'. अडखळणं, थांबणं, अर्धवट शब्द, हीच तर तपासायची वस्तू! बायकोने मध्येच शब्द पुरवला तर तोही रुग्णाच्या नावावर जातो. मी पहिल्या फेरीत फक्त आवाज लिहिते, अर्थ लावत नाही. पुरवलेल्या शब्दाला गोल करते. आणि दुसऱ्या दिवशी परत ऐकते. मोबाईल आपोआप मजकूर करून देतो म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की तो तुटक बोलणं सरळ करून टाकतो. ते वापरू नका.

कोणता प्रश्न विचारता यावरही बरंच ठरतं. 1972च्या बोस्टन चाचणीतलं बरणीतून बिस्किटं काढणाऱ्या मुलाचं चित्र जगभर वापरतात, पण भरून वाहणारं ते सिंक आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातलं नाही. तिला शेंगाचटणी कशी कुटता ते विचारा. मात्र तेवढ्यावर थांबू नका. कृती सांगताना माणूस 'कुटायचं, मीठ घालायचं' असंच बोलतो. भूतकाळ येतच नाही, आणि 'त्याने केलं'मधला 'ने' प्रत्यय शाबूत आहे की नाही ते कळत नाही. म्हणून पुढे विचारा, मागच्या गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, गेला होता तेव्हा काय झालं?

गड्ड्यावरून आठवलं. एका आजोबांना स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, पण 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' हा जत्रेतला जयघोष खणखणीत निघायचा. तो पूर्ण वाक्य म्हणून मोजला गेला होता. पाठ असलेलं, अंक, आरती, शिव्या हे वेगळ्या रकान्यात लिहा.

'मी', 'तू' गाळलं म्हणजे चूक नाही. 'गेलो बाजारात' हे धडधाकट मराठी वाक्य आहे.

इंग्रजी पुस्तकं वाचून फक्त गळलेले प्रत्यय शोधू नका. इंग्रजीत प्रत्यय गळूनही शब्द उरतो. आपल्याकडे बरेचदा त्याच्या जागी दुसराच येतो. घरात मराठीच बोलणारा 'आई गेला' म्हणाला तर तिथे खूण करा.

भरभर बोलणं म्हणजे बरं बोलणं नव्हे. 'ते तसं आणलं ना, मग त्याचं ते केलं' यात व्याकरण नीट आहे, पण नाम एकही नाही.

उताऱ्यावर तारीख हवीच. पहिल्या काही आठवड्यांत बोलणं झपाट्याने बदलतं.

आणि मागाच्या खडखडाटात वर्षं काढलेल्या माणसाचे कान आधी तपासून घ्या. 'समजत नाही' असा शेरा मारलेल्या एका मावशींना मी समोर बसून, पंखा बंद करून, मोठ्याने विचारलं, "खिडकी कुठंय?" त्यांनी लगेच बोट दाखवलं.