थंडीच्या दिवसांत रोलर कोस्टरची चाचणी: सोलापूरच्या गड्ड्यावरील पाळणेचालकांसाठी

सोलापूरची थंडी काही बर्फ पाडणारी नसते, त्यामुळे ती यंत्राला बाधत नाही असा समज पाळणेवाल्यांमध्ये पक्का रुजलेला आहे. संक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा, म्हणजे जत्रा, भरतो, तेव्हा पहाटेचे तापमान साधारण १५ अंश सेल्सिअसच्या आसपास, कधी त्याहूनही खाली असते आणि दुपारी ते ३० अंशांपर्यंत चढते. खरी अडचण या पंधरा अंशांच्या फरकात आहे. सकाळी सात वाजता तपासलेली गाडी दुपारी तीन वाजता त्याच वेगाने धावत नाही. म्हणून या दिवसांत एकाच चाचणीवर दिवस काढू नये.

याचे कारण नीट समजून घ्यावे. रोलर कोस्टरच्या गाडीला सहसा स्वतःचे इंजिन नसते. साखळीने तिला एकदा माथ्यावर ओढून सोडले की पुढचा सारा प्रवास त्या उंचीतून मिळालेल्या ऊर्जेवर होतो, आणि बेअरिंग, चाके व समोरची हवा ती ऊर्जा वाटेत खात जातात. गारठ्यात बेअरिंगमधले ग्रीस घट्ट होते, चाकांवरचे पॉलियुरेथेन (रबरासारख्या प्लास्टिकचे आवरण) नेहमीसारखे दबून उसळत नाही आणि गार हवाही थोडी दाट असते. परिणामी गाडी मंदावते, आणि फारच मंदावली तर पुढचा चढ न ओलांडता मागे येऊन दोन चढांमधल्या खोलगट भागात अडकते. रात्रभर एकाच जागी उभ्या राहिलेल्या गाडीची चाके रुळावर टेकलेल्या ठिकाणी किंचित चपटी होतात. पहिल्या एकदोन फेऱ्यांत खडखड ऐकू येते ती बहुधा यामुळेच. फेऱ्यांनंतरही ती थांबली नाही, तर मात्र चाक काढूनच पाहावे.

गड्ड्यावरची ड्रॅगन ट्रेन, म्हणजे ड्रॅगनच्या रूपातला छोटा रोलर कोस्टर, बहुतेक वेळा मोटरवर चालते, त्यामुळे ती अडकत नाही, पण थंड गिअरबॉक्स फिरवताना मोटर अधिक विद्युतप्रवाह ओढते. अशा वेळी ओव्हरलोड रिले (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की मोटर बंद करणारे साधन) वारंवार ट्रिप झाला, तर त्याची मर्यादा वाढवून ठेवण्याची सवय मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. ती अत्यंत घातक आहे. ट्रिप होण्याचे कारण शोधावे, अँपिअर मोजावेत आणि गिअरबॉक्सला बिनाप्रवासी फिरून ऊब येऊ द्यावी.

कामाची सुरुवात आदल्या रात्रीच करावी. हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक असतील, तर कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रात्री काढून टाकावे, कारण गारठ्यात नळ्यांमध्ये ओल साचते आणि व्हॉल्व्ह चिकटतात. सकाळी रुळाच्या बाजूने चालत जाऊन पिना, बोल्ट आणि वेल्डिंगचे जोड डोळ्यांनी पाहावेत व हाताने चाचपावेत. पोलाद थंडीत आकसते: ३० मीटर लांबीच्या रुळात १५ अंशांच्या फरकाने सुमारे ५ मिलिमीटर फरक पडतो, म्हणून जोडांतील फट सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा मोजावी. मैदान सिद्धेश्वर तलावापासून फार लांब नाही, त्यामुळे पहाटे रुळांवर आणि ब्रेकच्या पट्ट्यांवर दव असू शकते. ते कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय पहिली फेरी सोडू नये.

त्यानंतर रिकाम्या फेऱ्या घ्याव्यात आणि प्रत्येक फेरीचा वेळ स्टॉपवॉचने मोजून वहीत तापमानासह लिहावा. वेळ हळूहळू कमी होत जाईल. लागोपाठ तीन फेऱ्यांचा वेळ जवळपास सारखा आला आणि तो उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत बसला, की गाडी तापली असे समजावे. मग आसनांत वाळूची पोती बांधून पुढच्या फेऱ्या कराव्यात. रिकामी गाडी हलकी असल्याने सर्वांत आधी तीच अडते. पण ‘माणसे बसली की वजनाने जाईल’ असे म्हणून प्रवासी बसवणे हा अक्षम्य गुन्हा आहे. ग्रीस पातळ करण्यासाठी त्यात डिझेल किंवा रॉकेल मिसळू नये, कारण दुपारी ते वाहून जाते आणि बेअरिंग कोरडे पडते.

दुपारची चाचणी सकाळच्या चाचणीइतकीच महत्त्वाची आहे, आणि नेमकी हीच टाळली जाते. सकाळी गाडी मंद असल्याने ब्रेक उत्तम लागतो असे वाटते. उन्हात ग्रीस सैल झाल्यावर तीच गाडी फलाटात अधिक वेगाने शिरते. ब्रेकची खरी परीक्षा तेव्हा होते. गर्दीच्या आधी, दोनच्या सुमारास, पोती ठेवून थांबण्याचे अंतर पुन्हा मोजावे.

अंधार पडला की थंडी परत येते आणि गर्दीही तेव्हाच वाढते. लोक स्वेटर, मफलर, शाल पांघरून, कधी लेकराला चादरीत गुंडाळून येतात. जाड कपड्यांवर बसवलेला दांडा (प्रवाशाला आसनात धरून ठेवणारा) घट्ट भासतो, पण कपडा दबला की सैल पडतो. म्हणून पांघरूण काढायला लावूनच दांडा लावावा आणि तो स्वतःच्या हाताने ओढून पाहावा. मफलरचे टोक, ओढणी आणि साडीचा पदर आत खोचून घेण्यास नम्रपणे, पण ठामपणे सांगावे. रात्री गाडी अर्धा तास उभी राहिली, तर पुन्हा किमान दोन रिकाम्या फेऱ्या घ्याव्यात.

एवढे करूनही गाडी मध्येच अडकली, तर तिला कोणीही हाताने ढकलू नये. वीज तोडून मुख्य स्विचला कुलूप लावावे, चाकांना अडण लावून गाडी जखडावी, प्रवाशांना बसून राहण्यास सांगावे, आणि शिडी पक्की बसल्याची खात्री झाल्यावरच एकेकाचा दांडा हाताने उघडून त्याला उतरवावे.