क्रोमचं पिवळं पाणी आधी हिरवं करा, मग चुना घाला

पुण्याजवळच्या भोसरीतल्या छोट्या प्लेटिंग शॉपमध्ये (धातूवर मुलामा चढवणाऱ्या कारखान्यांत) सर्रास चालणारा प्रकार म्हणजे क्रोम प्लेटिंगच्या पिवळ्या सांडपाण्यात थेट चुना ओतणं. थोडाफार गाळ बसतो, मालक खूश. पण वरचं पाणी पिवळं ते पिवळंच, कारण त्यातलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम चुन्याने खाली बसत नाही; आधी त्याचं हिरवं ट्रायव्हॅलंट रूप करावं लागतं, ते बसतं. आणि कॅन्सर करणारं हेक्झाव्हॅलंटच. ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर, नवीन पोरगा आला की मी पहिल्यांदा हेच सांगतो.

त्याच्याही आधी नाल्या बघा. सायनाइडच्या बाथचं (प्लेटिंगच्या द्रावणाच्या टाकीचं) धुवण क्रोमच्या टाकीत एक मगभरसुद्धा येता कामा नये. क्रोमला आपण ॲसिड घालणार, आणि सायनाइडला ॲसिड लागलं की हायड्रोजन सायनाइड सुटतो. माणूस जागेवर जातो. सायनाइडची टाकी वेगळी, पीएच 10 च्या वर, आणि तिथे हायपो (सोडियम हायपोक्लोराइट). नाल्या एकत्र असतील तर पुढचं वाचू नका, आधी प्लंबरला बोलवा.

आता क्रोमची टाकी. हातमोजे, गॉगल, गमबूट घालून सल्फ्युरिक ॲसिडने पीएच 2.5 च्या आसपास आणा. 4 च्या वर राहिला तर काम इतकं रेंगाळतं की पोरं कंटाळून तसंच पुढे ढकलतात. मग सोडियम मेटाबायसल्फाइट बादलीत विरघळवून हळूहळू सोडा. हिशोब असा: एक किलो क्रोमियमला कागदावर 2.74 किलो लागतं, प्रत्यक्षात तीन-साडेतीन धरा. म्हणजे हजार लिटर पाण्यात लिटरमागे 100 मिलिग्रॅम असेल तर 300 ते 350 ग्रॅम. पोतं उघडं राहून ओल लागलेली असेल तर त्याचा जोर गेलेला असतो. नाकात झोंबणारा वास येतो तो सल्फर डायऑक्साइडचा, म्हणून हे बंद खोलीत करायचं नाही.

रंगाकडे लक्ष ठेवा. नारिंगी-पिवळं पाणी आधी मळकट शेवाळी होतं, मग स्वच्छ निळसर हिरवं. पण डोळ्यांवर विसंबू नका. लिटरला एखादा मिलिग्रॅम उरला तर दिसत नाही, आणि मर्यादा तर लिटरला 0.1 मिलिग्रॅमची आहे. नमुन्यात डायफिनाइलकार्बाझाइडचे थेंब टाका. जांभळट झालं तर हेक्झाव्हॅलंट उरलंय, अजून मेटाबायसल्फाइट घाला.

आता पाण्यात कालवलेला चुना किंवा कॉस्टिक सोडा घालून पीएच 8.5 ते 9. चुन्याने गाळ जास्त होतो पण झटपट बसतो. कॉस्टिकने कमी होतो पण तरंगत राहतो. मी चुनाच वापरतो. जोशात पीएच फार वर नेऊ नका, क्रोम आणि झिंक दोन्ही परत विरघळायला लागतात. शेवटी गाळाचे कण एकत्र बांधणारं पॉलिइलेक्ट्रोलाइट किंचित, ढवळणं एकदम हळू. जोरात ढवळलं की गाळाचे जमलेले पुंजके मोडतात.

बसलेला गाळ फिल्टर प्रेसमधून (दाबून पाणी काढणाऱ्या यंत्रातून) काढून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या पोत्यांत भरा. पोती छपराखाली, पक्क्या फरशीवर, भोवती कठडा. उरलेला हायपो या गाळावर कधीच ओतू नका, केलेलं सगळं उलटं फिरतं आणि क्रोम परत हेक्झाव्हॅलंट होतो.

हा गाळ 2016 च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. साधारण 90 दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. पुण्याकडच्या कारखान्यांना रांजणगावच्या घातक कचरा केंद्राची सोय आहे. तिथे तपासणी होते, गरज पडल्यास सिमेंटसारख्या गोष्टी मिसळून धातू बांधतात आणि अस्तर घातलेल्या लँडफिलमध्ये टाकतात. गाडी निघताना फॉर्म 10 चा मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला त्याची नोंद) भरून सही घ्या, आणि मिळाल्याची प्रत परत येईपर्यंत पाठ सोडू नका. भंगारवाला फुकट नेतो म्हणाला तर दारातूनच परत पाठवा, तो कुठल्या ओढ्यात टाकेल तिथपर्यंत जबाबदारी तुमचीच.

खर्च जास्त वाटत असेल तर तो ईटीपीत नाही, बाथवर वाचवा. जिग (वस्तू अडकवायचा सांगाडा) उचलल्यावर दहा-पंधरा सेकंद बाथवरच निथळू द्या. पुढे साध्या पाण्याची एक स्थिर टाकी ठेवा आणि बाथची पातळी उतरली की तेच पाणी त्यात भरा. तेवढं क्रोम ईटीपीपर्यंत पोचतच नाही.